ताटली वाजली

"आधी दगड खाली टाक, मग बोल!"

थोरल्या जाऊबाई भर रस्त्यात कोंबडीवाल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"वहिनी, तुमच्या लाडक्या कुत्र्यांनी माझ्या दोन कोंबड्या नेल्या. उद्या पिसाळून माणसांना चावली, तर कोण निस्तरणार?"

"पिसाळू नयेत म्हणूनच तर सुया टोचून घेतेय. सोमवारपर्यंत थांबायचं बैठकीत ठरलंय. तूही होतास. मान हलवत होतास."

"हलवली की. नाही कुठं म्हणतोय?"

"मग टाक दगड."

त्यानं टाकला. जाऊबाईंपुढं कुणाचं काही चालत नाही. बावीस वर्षं त्यांच्यासोबत चूल सांभाळलीय, मला विचारा.

झालं होतं असं, की गावात एका वासराला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि वासरू गेलं. लोकांनी धसकाच घेतला. गावातली सगळी कुत्री संपवायची, असं बैठकीत ठरत होतं. तेवढ्यात जाऊबाई उठल्या. "महिनाभर द्या. सगळ्यांना टोचून घेते, तालुक्याच्या कचेरीतून तसा कागद आणते. तोवर एकालाही हात लावायचा नाही." लोक हसले, पण हो म्हणाले. हसणारच. अठरा भटकी कुत्री, जन्मभर लाथा आणि दगड खाल्लेली. माणसाचा हात वर झाला की पार नाल्यापलीकडं पळायची. त्यांना धरणार कोण?

जाऊबाईंनी घरातली एक चेपलेली ताटली घेतली. रोज दिवस कलताना खळ्यावर जाऊन ती चमच्यानं तीनदा वाजवायच्या, शिळे तुकडे टाकायच्या आणि गप्प बसून राहायच्या. ताटली-चमचा तिथंच खळ्यावर ठेवलेला असायचा.

"घरात मी शंभर हाका मारल्या तरी तुम्ही येत नाही," मी म्हणायची, "आणि कुत्र्यांनी मात्र एका ताटलीवर यावं!"

"तुझ्या हाकेमागं काम असतं," त्या म्हणायच्या.

आधी एक आलं, मग चार आली. तिसऱ्या आठवड्यात तर ताटली वाजायचा अवकाश, एक सोडून सगळी धावत यायची आणि त्यांच्या मांडीवर माना टाकायची. जनावरांचा डॉक्टर आला, तेव्हा सुयांचा डबा माझ्या हातात होता. जाऊबाई एकेकाला कुशीत धरून कानाशी सांगत होत्या, "घाबरायचं नाही रे बाळा. माणसं वाईट नसतात." सतरा वेळा सांगितलं. मी ऐकलंय.

अठरावी तेवढी राहिली. फाटक्या कानाची तांबडी कुत्री. आम्ही तिला भित्री म्हणायचो. ती लांब बांधावर बसून नुसती बघायची. काही केल्या जवळ आली नाही.

महिना भरला त्या सोमवारी सकाळी डॉक्टरच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून जाऊबाई शिक्का आणायला कचेरीत गेल्या. ऊन मी म्हणत होतं, वाऱ्यानं शेतातली माती घरात येत होती. दुपारी मी अंगणात मक्याची कणसं सोलत होते आणि खळ्यावर ताटली वाजली. तीनदा.

मी मनात म्हटलं, लवकर आल्या, काम झालेलं दिसतंय. उठले आणि दोघींचा चहा ठेवला. चहा उकळून उकळून आटला तरी त्या येईनात, म्हणून बघायला गेले.

खळ्यावर सतराही कुत्री आडवी पडली होती. तोंडाला फेस. मध्ये आमची ताटली, तिच्यात विष लावलेले तुकडे. एकात अजून धुगधुगी होती. मला बघून त्यानं शेपटी हलवली.

कोंबडीवाला आणि बैठकीतले दोघं बाजूला उभे होते.

"मेल्यांनो, हे काय केलंत!"

"सोमवार आला की, धाकट्या वहिनी," कोंबडीवाला म्हणाला. मान खाली होती त्याची. "आम्हाला वाटलं पळापळ होईल. दांडकी आणली होती. पण काही लागलंच नाही. हाताला हुंगत हुंगत आली सगळी."

जाऊबाई संध्याकाळच्या गाडीनं आल्या. पिशवीत शिक्क्याचा कागद होता. त्या रडल्या नाहीत. एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसत होत्या. मग म्हणाल्या, "यांना पळायचं तेवढं कळत होतं गं. तेच मी विसरायला लावलं."

घरच्यांनी खड्डा घेतला. माती इतकी कडक की कुदळ उलटून येत होती.

मातीची शेवटची पाटी पडली तेव्हा भित्री बांधावरून उतरली. थांबत, थांबत आली. महिनाभर जी जवळ फिरकली नाही, तिनं जाऊबाईंच्या गुडघ्यावर तोंड ठेवलं. मला वाटलं, चला, एक तरी राहिली.

जाऊबाईंनी तिच्या फाटक्या कानावरून एकदाच हात फिरवला. मग उठल्या, दगड उचलला आणि तिच्या बरगडीवर मारला.

ती केकाटली. लांब पळून थांबली, वळून बघायला लागली.

"बघतेस काय? पळ!" दुसरा दगड गेला. "माणूस दिसला की पळायचं! ऐकलंस? माझ्यापासूनसुद्धा!" आता त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

ती तरी तिथंच उभी. जाऊबाई खाली बसून चाचपडत होत्या, पाण्यानं डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तिसरा दगड मी शोधला आणि त्यांच्या हातात दिला.