या खेपेला आईला बघायचं

आर्गिरोने आईच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाच्या ढिगावर पिठीसाखर चाळली, वर कागद ठेवून तळहाताने हलके हलके दाबली आणि कागद उचलला. तिचा हात तसाच हवेत राहिला. साखरेला मधोमध बारीक चीर गेली होती.

"दमट हवा आहे," थेओनी म्हणाली.

"हवा खडखडीत आहे." आर्गिरोने धाकट्या बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही. "एवढ्या वर्षांत कधी चीर गेली नाही. बाबांच्या वेळी नाही, मावशीच्या वेळी नाही." तिने चांदीच्या रंगाच्या साखरगोळ्या चिमटीत घेतल्या आणि चिरेच्या वरूनच क्रूस मांडायला घेतला. एकेक गोळी ठेवताना तिचे ओठ हलत होते.

ओट्याच्या कडेला पंच्यात गुंडाळलेली लाल वाईनची बाटली होती. भिंतीवरच्या देवमातेच्या तसबिरीपुढे तेलाचा दिवा जळत होता. आई गेली त्या दिवसापासून आर्गिरोने तो विझू दिला नव्हता. बुधवारी आणि शुक्रवारी ती तेल, दूध, मांस काही तोंडात घालत नसे, आणि हे कुणाला सांगतही नसे. थेओनीला ते कालच कळलं. विमानतळावरून घरी आल्यावर तिने चीजचा तुकडा पुढे केला तेव्हा आर्गिरोने नुसती मान हलवली होती.

आईला मातीत ठेवून तीन वर्षं झाली होती. अथेन्समध्ये माणसं फार आणि माती थोडी. तीन वर्षांनी जागा दुसऱ्याला द्यायची, आपल्या माणसाची हाडं वर काढायची, वाईनने धुवायची आणि नाव घातलेल्या पेटीत ठेवायची. हाडं स्वच्छ, मधाच्या रंगाची निघाली की बायका एकमेकींचे हात दाबतात. जीव सुखाने गेला म्हणायचा. आणि मातीने खाल्लंच नसेल, तर कुणीतरी शापासारखा उच्चारलेला शब्द त्या जिवाला धरून बसलेला असतो. ज्याने उच्चारला त्यानेच तो परत घ्यायचा, तिथेच, मोठ्याने.

"माझ्या स्वप्नात येते," आर्गिरो म्हणाली. "दारात उभी राहते. आत ये म्हटलं तर येत नाही. म्हणते, आर्गिरो, पाय ओले झालेत गं."

थेओनीने गवताची काडी उचलावी तसं ओट्यावरचं डाळिंबाचं एक साल उचललं आणि बोटांत मोडत राहिली.

"एवढंच म्हणते?"

"एवढंच. आणि पायांकडे बघते."

थेओनीने तसा शब्द उच्चारला होता. फोनवर, आई या स्वयंपाकघरात पलीकडच्या टोकाला असताना. नवरा, उलरिख, गेल्याचं सांगायला तिने श्टुटगार्टहून फोन केला होता. आईचे वडील लढाईच्या काळात गेले. जर्मन शिपायांनी गावातले सगळे पुरुष चर्चच्या मागे नेऊन उभे केले होते, आणि सात वर्षांच्या आईने खिडकीतून ते बघितलं होतं. त्या जर्मनांतल्या एकाशी लेकीने लग्न केलं, हे आईने कधी माफ केलं नाही. या घरात जर्मन भाषेतला एक शब्द चालत नसे, रेडिओवरही नाही. उलरिखचा जन्म लढाईनंतरचा, हे तिला सांगून उपयोग नव्हता. त्या दिवशी आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चला. एक कमी झाला."

तेव्हा थेओनी म्हणाली होती, "माती तुला न खावो."

आणि फोन ठेवला होता. पुढचा फोन आला तो आर्गिरोचा, आई गेल्याचा.

"काय गं, कुठे हरवलीस? कोट घाल," आर्गिरो म्हणाली. तिने ताट कापडात बांधलं. मग दाराशी थांबून, पाठमोरीच, म्हणाली, "रात्री मी विचार करत होते. आता तिकडे कोण आहे तुझं? इथेच राहा. आईची खोली रिकामी आहे. गादी उन्हात घालून ठेवलीय मी."

थेओनीने बहिणीच्या हातातलं ताट घेतलं.

टॅक्सीवाल्याने तिचे दोन शब्द ऐकले आणि आरशातून बघितलं. "बाई बाहेरच्या दिसतात. पहिल्यांदाच?"

"दुसऱ्यांदा," थेओनी म्हणाली. शहर सोडून गेल्यापासून धरलं तर ते खरंच होतं. लग्नानंतर एकदाच ती उलरिखला घेऊन आली होती. हॉटेलात उतरली होती. दोघं टेकडीवरच्या देवळापर्यंत चढली, फोटो काढले, आणि आईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरली.

"दुसऱ्यांदा आलेल्यांना मी एकच सांगतो," टॅक्सीवाला म्हणाला. "पहिल्या खेपेला सगळे वर बघतात. संगमरवर, खांब, झालं. दुसऱ्या खेपेला खाली बघायचं. मेट्रोच्या स्टेशनात जा. काचेमागे थडगं आहे, आत सांगाडा. खणताना सापडला. या शहरात कुठेही फावडं मारा, कुणीतरी असतंच."

"गप रे," आर्गिरो म्हणाली. "हिची नाळ इथे पुरलीय. तू जन्मायच्या आधी ही या रस्त्यावर दोरीच्या उड्या मारत होती. तू गाडी चालव."

"चालवतोय की, बाई. मग या खेपेला काय बघणार?"

"आईला," आर्गिरो म्हणाली.

दिलेला पत्ता दफनभूमीचा आहे हे टॅक्सीवाल्याला आता आठवलं असावं. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि रेडिओ बंद केला.

दफनभूमीत सुरूच्या झाडांखालून ओळीच्या ओळी गेल्या होत्या. काही जागा उघड्या होत्या, आजच रिकाम्या झालेल्या. एका कठड्यावर दुसऱ्या कुणाची तरी हाडं चादरीवर वाळत होती, आणि शेजारी काळ्या पोशाखातली दोन माणसं कॉफी पीत बसली होती. आर्गिरोने जाता जाता हाडांकडे बघितलं. "छान रंग आहे," ती त्यांना म्हणाली. "देव भलं करो तुमचं." त्यांनी मान डोलावली.

पांतेलिस नावाचा खणणारा माणूस संगमरवराची लादी बाजूला करून तयार उभा होता. पाद्री यायचे होते. ते आले, दम लागलेले, हातात लहानसं धुपाटणं.

"किती वेळ लागतो हो?" थेओनीने विचारलं.

"माती सांगेल," पांतेलिस म्हणाला. "वरून काही कळत नाही, बाई. परवा एका मंत्र्याला काढला, नुसती स्वच्छ हाडं निघाली. माणसाच्या चेहऱ्यावर काही नसतं."

"तुझं तोंड कधी बंद असतं का?" आर्गिरो म्हणाली, पण तिचा आवाज हसरा नव्हता.

तो खणू लागला. माती आधी भुरभुरीत होती, मग चिकट, राखाडी. फावड्याला लागून राहत होती. तो दर वेळी फावडं बुटाच्या टाचेने पुसत होता. मग त्याने फावडं बाहेर ठेवलं, गुडघ्यांवर बसून हातांनी माती सारली आणि थांबला.

"आर्गिरोबाई, इकडे नका येऊ."

आर्गिरो गेलीच. थेओनी दोन पावलं मागे होती, तिथून तिला एवढंच दिसलं की मातीत पाय आहेत. पायांत मोजे आहेत. मोज्यांची वीण जशीच्या तशी आहे, आणि मोज्यांच्या आतला पाय पायासारखा भरलेला आहे.

"नायलॉनचे घातलेत तुम्ही," पांतेलिस हळू म्हणाला. "सुती घालायचे असतात. नायलॉन मातीला आत जाऊ देत नाही. शिवाय हल्ली औषधं इतकी देतात…"

"बाकीचं बघ," आर्गिरो म्हणाली.

त्याने वरच्या बाजूची माती थोडी सारली. चटकन परत झाकली. "नाही झालेलं," तो म्हणाला. "दुसऱ्या भागात ठेवावं लागेल. दोन वर्षं. मग बघू."

आर्गिरो खाली बसली नाही, रडली नाही. तिने पदर सावरावा तसा डोक्यावरचा काळा रुमाल नीट केला. पाद्र्यांनी धुपाटणं झाडाच्या फांदीला अडकवलं आणि दोघींकडे बघितलं.

"माती चिकट आहे, तेही खरंच," ते म्हणाले. "पण आपली रीत आहे ती आहे. कुणाचं काही राहिलं असेल, रागात बोललेलं, मनात धरलेलं, तर इथेच सोडा. ती ऐकते आहे."

"माझं आहे," आर्गिरो म्हणाली.

थेओनीने मान वर केली.

"शेवटच्या हिवाळ्यात," आर्गिरो खड्ड्याकडे बघत बोलू लागली, "रात्री तिला चार चार वेळा उठवावं लागायचं. एकदा चादर बदलता बदलता मी म्हणाले, देवा, ने हिला एकदाची. तिने ऐकलं. डोळे उघडे होते. दुसऱ्या दिवशी तिने पेज तोंडात घेतली नाही." तिचा आवाज मधेच बारीक झाला. "आई, मी थकले होते गं. ते माझं नव्हतं, थकव्याचं होतं. मी परत घेते. तू जा आता. माझं काही नाही तुझ्यावर, तुझं काही ठेवू नकोस माझ्यावर."

तिने वाकून मूठभर माती घेतली, ओठांना लावली आणि परत सोडली. मग बहिणीकडे वळली. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, पण डोळ्यांत काहीतरी मोकळं झालं होतं.

"माझ्यामुळेच अडकली ती. मला माहीतच होतं. तुझं काही नाही ना? तू तर लांब होतीस."

एक वाक्य होतं. तेवढंच बोलायचं होतं. थेओनीला उन्हात पसरलेली गादी दिसली, आणि या चेहऱ्यावरचं ते मोकळं झालेलं काहीतरी पुन्हा मिटताना दिसलं.

"नाही," ती म्हणाली.

"मग वाईन तू ओत. धाकटी आहेस. तुझ्या हातची तिला गोड लागेल."

थेओनीने पंचा सोडला. आईच्या पायांवर आता पातळ मातीचा थर होता. तिने बाटली कलती केली. वाईन धारेने पडू लागली आणि त्या आवाजाच्या आडोशाने तिचे ओठ हलले. माझा शब्द मी परत घेते. माती तुला हलकी होवो. शब्द सगळे बरोबर होते. बाजूला उभ्या असलेल्या कुणालाही ते कळणार नाहीत, अशाच भाषेत आपोआप आले होते, जी भाषा ती तीस वर्षं उलरिखशी बोलत आली होती.

बाटली रिकामी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

पाद्री प्रार्थना म्हणत होते. आर्गिरो त्यांच्याबरोबर पुटपुटत होती, डोळे मिटून. तिने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. थेओनीने पुन्हा तोंड उघडलं, या वेळी आईच्या भाषेत म्हणायला. पण पांतेलिसने फावडं उचललं होतं. त्याला दुसरी जागा उघडायची होती.

राखाडी माती वाईन पीत नव्हती. वाईन वर तरंगली, एक लाल ओघळ खड्ड्याच्या काठाकडे परत आला, काठावरून झिरपला आणि गवतातून वाट काढत थेओनीच्या बुटांपर्यंत आला. ती हलली नाही.

आर्गिरोने सगळ्यांना कागदाच्या पुड्यांत गहू वाटले. पांतेलिसने तिथेच उभ्याने खाल्ले. "छान झालेत, बाई. डाळिंब भरपूर घातलंत." चीर कुणाला दिसली नाही. ती पहिल्या चमच्यालाच मोडली.

परत निघताना आर्गिरोने बहिणीच्या दंडात हात घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आपला सगळा भार कुणावर तरी टाकला होता. सुरूच्या झाडांखालून दोघी हळू चालल्या. बाहेरच्या रस्त्यावर गाड्यांचे आवाज ऐकू येऊ लागले.

"दोन वर्षं जातील," आर्गिरो म्हणाली. "मी बोलले ना आता. आता ती जाईल. तू इथेच असशील तेव्हा. दोघी मिळून येऊ." थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, पाय असे काय उचलून टाकतेस? लागलं का?"

"नाही," थेओनी म्हणाली. "पाय ओले झालेत."

आर्गिरो आणखी दोन पावलं चालली. मग थांबली. तिने खाली बहिणीच्या वाईनने भिजलेल्या बुटांकडे बघितलं, वर तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या दंडातला हात सावकाश काढून घेतला.