वीज परतल्यावर

वीज गेली तशी बुनरुआनने हातातली पाण्याची नळी खाली टाकली आणि मनात आकडे मोजायला लागली. नऊवर जनरेटर घुरघुरला, पंखे फिरले आणि बंदिस्त शेडमधले सगळे दिवे एकदम लख्ख पेटले.

भरदुपारीही अंधुक उजेडात वाढलेल्या त्या आठ हजार कोंबड्या. डोळ्यांत उजेड घुसताच त्या जीव खाऊन एका कोपऱ्याकडे धावल्या आणि एकीवर एक चढू लागल्या. खालच्या आता गुदमरणार होत्या.

उजेड दहा टक्क्यांवर आणायला तिने दाराजवळच्या पॅनेलवर दहाचा आकडा दाबला. पडद्यावर नव्व्याण्णव आलं आणि तिथेच रेंगाळलं. संध्याकाळ व्हावी तसा उजेड हळूहळू उतरावा, म्हणून जावयाने वीस मिनिटं लावून ठेवली होती. तेव्हा तिनेच त्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

तिने जावयाला फोन लावला.

"क्रैसोन, दिवे फुल्ल झालेत! कोणी हातही लावला नाही रे!"

"वीज जाऊन आली का, आई?"

"हो."

तो चाचरला. "वीज परतल्यावर उजेड किती, ते वेगळं लावावं लागतं. कारखान्यातून ते शंभरवर येतं. ते... माझ्याकडून राहिलं."

बुनरुआनने फोन कापला. गेल्या महिन्यात असेच दिवे फुल्ल होऊन याच कोपऱ्यात चारशे कोंबड्या मेल्या होत्या. पाळीवर एकटे सवाटकाका होते. "मी दिव्याला हात लावला नाही," असं ते तीनदा म्हणाले. "मग लॉटरीचं तिकीट काय अंधारात वाचलंत?" असं विचारून तिने सगळ्यांदेखत त्यांची पिशवी फाटकाबाहेर ठेवायला लावली होती.

ढीग गुडघ्याला लागला. तिने लाज गिळून सवाटकाकांचा नंबर फिरवला.

"काका, कोपऱ्यात ढीग लागलाय. काय करू?"

"दिवा कोणी वाढवला?"

"कोणी नाही."



"दिव्यांचा खटका पाडा, मालकीणबाई. पंख्यांचा नको, नाहीतर सगळ्याच जातील. अंधारात त्या थांबतात. मग वरच्या उचलून मागे ठेवा. धावायचं नाही, ओरडायचं नाही."

तिने खटका पाडला. फडफड हळूहळू कमी झाली. चालू फोन खिशात ठेवून ती चाचपडत एकेक गरम जीव उचलू लागली.

"दोन्ही हातांनी," खिशातून आवाज आला. "सावकाश."

तळाशी पोचायला बराच वेळ लागला.

"अकरा गेल्या," ती म्हणाली.

"त्या दिवशी मला खटका सुचेपर्यंत उशीर झाला होता."

ती तशीच भुशावर बसली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही.

"माझं चुकलं, काका. परत या कामावर."

"तुमच्याजवळ आत्ता कोण आहे?"

"कोणी नाही. सगळे जेवायला गेलेत."

"मग राहू द्या," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

बुनरुआन बाहेर आली. चिंचेखाली सगळे भाताच्या टोपल्या उघडून बसले होते. तिच्या अंगाला पिसं चिकटलेली पाहून एकजण हसला, मग तिचा चेहरा बघून गप्प झाला.

"जरा हात थांबवा," ती म्हणाली. "मला तुमच्यासमोर बोलायचंय."

तिने तोच नंबर पुन्हा लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सगळ्यांच्या मधोमध ठेवला. रिंग वाजत राहिली. कोणीही घास उचलला नाही.