हवेत मारलेली गोळी

"पोलिसांनी हवेत गोळीबार केला," असं छापून आलं. छापणारा लालबागला कधी आला होता काय? आमच्या गल्लीत हवा असते कुठं? डोक्यावर तीन मजले गॅलऱ्या, आणि गॅलऱ्यांत माणसं.

छप्पन सालचा जानेवारी. मी हवालदार, हाताखाली रायफलवाले शिपाई. भर दुपार. समोर गिरणीतून बाहेर पडलेले कामगार, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. लाठीमार आधीच झालेला. मी स्वतः एका म्हाताऱ्याचे दात पाडले होते. खोटं कशाला सांगू, हात अजून शिवशिवत होता.

तेवढ्यात वरून वरवंटा आला आणि शिपाई सीतारामची टाळू फुटली. तो उठलाच नाही. फौजदार किंचाळला, "फायर!"

माझ्या शेजारी गुणाजी, मालवणकडचा शिपाई. आणि समोर, जमावाच्या तोंडाशी, त्याचा धाकटा भाऊ शिवा. गिरणीत साच्यावर कापड विणणारा कामगार. शर्टाची बटणं तोडून छाती दाखवत होता.

"मार रे गुणग्या! घाबारतंस कित्याक? मगे आवशीक सांग, भावाक मारून इलंय म्हणान!" आवस म्हणजे त्यांची आई.

गुणाजी माझ्याकडे वळला. "हवालदारानू, तो माझो भाव आसा."

"मग वर मार ना, गाढवा. हवेत. कोण बघतंय?"

मला वाटलं, केवढं पुण्य केलं मी.

त्यानं नळी उचलली. बार झाला. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारची राधाबाई कठड्यावर वाकली, खाली कुणाला हाक मारायची असावी तशी, आणि तशीच लटकत राहिली. अंबाडा सुटला. केसांवरून रक्त खाली ठिबकायला लागलं. माझ्या बायकोची ओटी भरली होती या बाईनं. वरवंटा तर समोरच्या चाळीतून आला होता.

मग शिवाच ओरडला, "राधाकाकीक मारल्यान रे!"

जमाव अंगावर आला. दगड, सोड्याच्या बाटल्या, हातगाडीचे दांडे. माझ्या देखत एका शिपायाचा डोळा बाहेर आला. शिवाच्या हातात पहार. टोमणे बंद झाले होते.

"फायर!" फौजदार मागून. मागूनच.

गुणाजीनं रायफल खांद्याला लावली. नळी वर गेली. वर बायका राधाबाईला आत ओढत होत्या. नळी खाली आली. खाली शिवा.

"हवालदारानू, आता खंय मारू?"

'रायफल टाक' म्हणता आलं असतं. नोकरी गेली असती, जाऊ दे. पण पहार माझ्या डोक्यावर येत होती, आणि मला माझं डोकं प्यारं होतं.

"समोर," मी म्हणालो.

शिवा माझ्या बुटांवर पालथा पडला. जमाव फाटला, पळाला. गुणाजीनं रायफल टाकली, भावाला उताणा केला, शर्टाची दोन्ही टोकं छातीवर ओढली. बटणं लावायला बघत होता. बटणं नव्हतीच. बोटं रक्तात घसरत होती.

"आवशीक काय सांगू?" त्यानं मला विचारलं.

मी बूट मागे घेतले.

"हवेत मारली म्हणून सांग."