बुटवाल्याचा नंबर

सुट्टीच्या दिवशी रोजगार कचेरीला कुलूप असलं, तरी तिचा फोन कारकुनाच्या खिशात असे. तो वाजला की कारकुनाची सुट्टी संपली. नियम सरळ होता. अवेळी कुणा मालकाला माणूस ठेवायचा असेल आणि काम शेतीचं असेल, तर कचेरीच्या यादीत ज्याचा नंबर लागलेला असेल त्याच्या दारात कारकुनाने स्वतः जायचं आणि त्याला कामावर पोचवून यायचं. आग, पूर, असलं काही तातडीचं असेल, तर मालकाने हाताला लागेल तो माणूस घ्यावा, कारकुनाने नुसतं हो म्हणावं. हा नियम करणाऱ्यांनी आपल्या मुली गावातल्या गावातच दिल्या असाव्यात. कारकुनाची मुलगी लांब होती. नात हसायला लागली तरी आजोबांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. दर वेळी निघायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडे. या सगळ्याचा त्याला आता वीट आला होता.

त्या दिवशीही बायको पिशव्या घेऊन दारात उभी राहिली आणि फोन वाजला. गोठेवाला होता. गडी काम सोडून गेला, दूध काढायला कोणी नाही, गाई हंबरतायत. आता येईल त्याला कायमचाच ठेवून घेईन, म्हणाला.

दूध काढणं हे शेतीचंच काम, त्यात वाद नव्हता. नंबर बुटवाल्याचा होता. नंबर लागलेल्याने सुट्टीत घर सोडायचं नाही, सोडलं तर नंबर गेला. म्हणून हा बाबा दर सुट्टीला सकाळीच गमबूट चढवून पायरीवर बसायचा.

"माझा भाचा इथंच आहे," गोठेवाला म्हणाला. "तुम्ही फक्त तातडीचं आहे म्हणा."

बायकोने पिशव्या खाली ठेवल्या. भांडली असती तर बरं, असं कारकुनाला वाटलं.

"तातडीचं आहे," तो म्हणाला. "ठेवा त्याला."

बसथांब्याची वाट बुटवाल्याच्या दारावरून जाते, हे त्याला कोपऱ्यावर वळल्यावर आठवलं. त्याला पाहताच बुटवाला लगबगीने उठला, त्याने दार ओढून घेतलं. मग त्याला पिशव्या दिसल्या, मागून येणारी बायको दिसली. आज काही नाही, अशी कारकुनाने मान हलवली. त्याचं त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय थांबले नाहीत.

"असू द्या साहेब," बुटवाला पुन्हा पायरीवर टेकत म्हणाला. "तुम्हाला एकदाची सुट्टी मिळाली, बरं झालं. सावकाश जाऊन या. मी काय, इथंच आहे."