काडीच्या वजनाची कळ

मित्रांनो, पेटी म्हटली की तुम्हाला कपड्यांची ट्रंक आठवेल, नाहीतर वाजवायची पेटी. मी त्यातली कुठलीच नाही. मी उंदरांची पेटी आहे. माझे आयुष्य सांगण्याजोगे आहे की नाही, याची मला स्वतःलाच शंका वाटते. पण त्यात काडी नावाच्या एका उंदराची गोष्ट आहे, आणि ती माझ्याइतकी जवळून कोणी पाहिलेली नाही. म्हणून बोलते.

विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये एका मिस्त्रीने मला बनवले. दोन बाजू पत्र्याच्या, दोन काचेच्या, खाली बारीक गजांची जमीन. एका भिंतीवर छोटा दिवा, त्याखाली पितळी कळ आणि शेजारी अंगठ्याएवढी वाटी. उंदराने कळ पुरती खाली दाबली की ‘टक्’ असा आवाज होई, वाटीत खाण्याची एक गोळी पडे आणि बाहेरच्या काउंटरवर आकडा एकाने पुढे सरके. कळ दाबली की खाऊ मिळतो, हे उंदीर किती लवकर शिकतो, ते या आकड्यावरून कळत असे. माझे काम इतकेच.

कळीमागे स्प्रिंग होती. जाता-येता शेपटी लागली तरी आकडा पडू नये, म्हणून मिस्त्रीने ती चांगली ताठ बसवली. ताठ म्हणजे किती, हे ठरवायला त्याने एक धष्टपुष्ट उंदीर मागवून घेतला होता. तो माझ्यात आला, त्याने कळीवर पंजे टेकले आणि ‘टक्’ झाले. “झकास!” मिस्त्री म्हणाला आणि त्याने स्क्रू आवळून टाकला.

मग मला प्रयोगशाळेत नेऊन जाड दाराच्या कपाटात ठेवले. आत एक पंखा सतत घरघरत असे, म्हणजे बाहेरचे बोलणे उंदराच्या कानावर पडू नये. ती प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा कडक नियम होता की प्रयोग चालू असताना कपाट उघडायचे नाही. त्याला कारणही तसेच होते. पूर्वी एक विद्यार्थी काचेला नाक लावून बसायचा. उंदीर कळ सोडून त्याचेच तोंड बघत राही. तेव्हापासून सर म्हणत, “आपण बघायचं नाही. आकडा बघेल.”

बरीच वर्षे माझे कौतुक झाले. पाहुणे आले की सर माझ्या पत्र्यावर थाप मारत आणि म्हणत, “ही कधी चुकत नाही.” मलाही ते खरे वाटे.

पुढे ताई आली. ती सरांच्या हाताखाली संशोधन करत होती. चणीने इतकी लहान की स्टुलावर बसली की पाय लोंबकळत. तिच्या प्रयोगाचा प्रश्न होता, लहानपणी ज्याला पुरेसे खायला मिळाले नाही, त्याचे डोके पुढे चालते का? त्यासाठी काही पिले चारचौघांसारखी वाढवली, आणि काही ठिकाणी एकाच आईकडे खूप पिले सोपवली, म्हणजे दूध कोणालाच पुरेसे मिळाले नाही. मोठेपणी या पिलांना पोटभर दिले, तरी ती किरकोळच राहिली. त्यांच्यातली सगळ्यात किरकोळ म्हणजे काडी. हे नाव उंदरांची देखभाल करणाऱ्या मामांनी ठेवले होते.

धष्टपुष्ट उंदीर आले, दोन-चार दिवसांत कळ शिकले, आकडे भराभर पळाले. किरकोळ उंदीर आले आणि काउंटर जागचा हलेना.

“ताई, या काडीला शाळेत घालून काय उपयोग?” मामा पिंजरा उचलत म्हणाले. “पाटीवर रोज भोपळा.”

“भोपळा नाही हो मामा. चार आहेत आज.”

“मग भोपळ्याच्या बिया म्हणा.”

ताई हसली, पण तिचा चेहरा उतरला. “आमचा धाकटा असाच होता,” ती म्हणाली. “आम्ही सहा भावंडं. त्याच्यापर्यंत येईस्तोवर दुधाचं भांडं रिकामं. मास्तरांनी त्याला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं. शेवटी शाळा सुटली, आता दुकानात पोती उचलतो.”

“मग एकदा दार उघडून बघा की, काडी आत करते काय.”

“नको. मला तिनं शिकायला हवंय ना, म्हणूनच नको. मला हवं तेच दिसायचं.”

मित्रांनो, अशी प्रामाणिक होती ती. आणि तिच्या त्या प्रामाणिकपणामुळेच दार बंद राहिले.

आत काय चालले होते ते मला ठाऊक होते. काडी पहिल्याच आठवड्यात कळ शिकली होती. दोन्ही पंजे टेकून ती जीव खाऊन दाबायची. कळ अर्धी जायची आणि तिथेच अडायची. ती वाटीशी धावायची, हुंगायची, वाटी रिकामी. पुन्हा कळीशी. कधीतरी उडी मारून सगळ्या अंगाने लोंबकळली तरच ‘टक्’ व्हायचे. तेवढ्या एका गोळीच्या आशेवर ती पुन्हा दिवसभर खपायची. मला हे जाणवत होते, पण आकड्याशिवाय दुसरी भाषा मला कोणी दिलीच नव्हती.

तिकडे सरांनी एका मोठ्या सभेत वाचायचा निबंध तयार केला. भुकेत वाढलेले डोके पुढे शिकत नाही, हा त्याचा निष्कर्ष. सभेला शाळांचा कारभार पाहणारी मंडळी येणार होती. सर ताईला म्हणाले, “निकाल इतका स्वच्छ सहसा मिळत नाही. नाव तुझं आधी घालतो.” ताई “हो सर” म्हणाली, आणि नंतर बराच वेळ स्टुलावर नुसती बसून राहिली.

सभेच्या दोन दिवस आधी काडीची पाळी चालू असताना माझा पंखा बंद पडला. पंख्याशिवाय कपाटात हवा खेळत नाही. आता दार उघडणे भागच होते. ताईने ते उघडले, तारा बघायला ती वाकली, आणि काचेतून तिला काडी दिसली.

काडीने कळ दाबली. वाटी हुंगली. परत आली. दाबली. हुंगली.

ताईने काउंटरकडे पाहिले. तो ढिम्म.

“अगं, दाबतेयस की तू!” ताई म्हणाली. “बये, दाबतेयस!”

तिने काडीला बाहेर काढले आणि माझ्या कळीवर बारीक वजने ठेवायला सुरुवात केली. एक, आणखी एक, आणखी एक. ‘टक्’ व्हायला जवळजवळ काडीच्या अख्ख्या अंगाएवढे वजन लागले, ते बघून ती धावतच सरांना घेऊन आली. जाताना तिने काडीला परत आत सोडले होते.

“दार उघडं ठेवून प्रयोग?” सर दारातूनच गरजले. “नियम कोणी केलाय, माहीत आहे ना?”

“तुम्हीच केलाय सर. पण एकदा वाकून बघा.”

“माझे गुडघे वाकत नाहीत.”

“स्टूल देते.”

सर बसले. काडी आपली कळीकडून वाटीकडे आणि वाटीकडून कळीकडे.

“परवा माझं भाषण आहे,” सर शेवटी म्हणाले.

“हो सर.”

“तुझं सगळं काम पुन्हा करावं लागेल. वर्ष जाईल.”

“हो.”

“आणि तुला वाटतं, ही शिकलीय.”

“मला वाटतं म्हणून नका मानू, सर. स्प्रिंग बदलू आणि मग आकडा बघू.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “इतके दिवस मला कसं दिसलं नाही?”

“आपण बघितलंच नाही, सर.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने जुनी स्प्रिंग काढून हलकी बसवली आणि या वेळी काडीलाच मागवून घेतले. तिने पंजे टेकले. ‘टक्.’ ती दचकून मागे सरली, मग वाटीत गोळी बघून पुन्हा पुढे आली. टक्. टक्. टक्. मामा काउंटरपाशी उभे होते. “भोपळीण पळाली की हो!” ते ओरडले. काडीने पोट भरेपर्यंत कळ सोडली नाही.

सर सभेला गेले, पण त्यांनी निबंध वाचला नाही. उभे राहून म्हणाले, “आमची कळ जड होती.” काही लोक हसले, असे त्यांनीच परत येऊन मामांना सांगितले.

ताईने सगळे प्रयोग पुन्हा केले. किरकोळ उंदरांतले काही खरोखरच जरा सावकाश शिकले, तेही तिने लिहिले. पण बहुतेक इतरांसारखेच शिकले. निकाल पूर्वीइतका ठसठशीत राहिला नाही, तिची पदवी लांबली, आणि घरून “अजून किती दिवस?” असे फोन येत राहिले.

आता माझे काम पडद्यावरची नवी यंत्रे करतात. मी व्हरांड्यातल्या एका फळीवर असते. पत्रा गंजला आहे, दिव्याच्या जागी कोळ्याचे जाळे आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

एकदा ताई तिच्या धाकट्या भावाला घेऊन आली. उंचीने तिच्याएवढाच, पण पोती उचलून हात राठ झालेले. “हीच ती,” ताई म्हणाली.

त्याने करंगळीने कळ दाबली. ‘टक्.’

“एवढीशीच?”

“आता एवढीशी. तेव्हा जड होती.”

त्याने पुन्हा एकदा दाबली, मग आणखी एकदा, आणि आपल्या करंगळीकडे बघत राहिला. निघताना खिशातला रुमाल काढून त्याने माझी काच पुसली.

मित्रांनो, कोणाला ‘ढ’ म्हणावेसे वाटले, तर आधी त्याच्या पुढ्यातली कळ किती जड आहे ते हात लावून बघा. आणि कधी या व्हरांड्यात आलात, तर माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. फक्त माझा स्क्रू कोणाला आवळू देऊ नका.