गोरज मुहूर्तावरचं पोहणं

सन १८८४च्या सुमारास कल्याणातल्या त्र्यंबकराव वकिलांना व्यायामाचा झटका आला. ठाण्याच्या कचेरीत कोणी साहेब त्यांना म्हणाला होता, तुमच्या लोकांची डोकी चांगली, खांद्यांचं मात्र काही खरं नाही. साहेब विसरला, वकील विसरले नाहीत. त्यांनी शरीरसंपदेवर व्याख्यान दिलं. ते बसून दिलं, कारण गुडघे दुखत होते. मग खाडीवर तरुणांसाठी पोहण्याचा वर्ग काढला आणि आरंभ घरापासून करावा म्हणून मुलगा गुरुदत्त याला पाण्यात उतरवलं.

गुरुदत्त मॅट्रिक झालेला, अंगाने काडी. पाठीला वाळका भोपळा बांधून तो काठाजवळ हातपाय मारी. पोहत असे तो भोपळा.

त्याची बायको उत्तरा वसईकडची. माहेरच्या वाडीतल्या तळ्यात ती भावांबरोबर माशासारखी वाढली. लग्नात आईने बजावलं होतं, "हे तिकडे बोलू नकोस हो." ती बोलली नाही. सासरी ती पाणी शेंदी, दळण दळी, घरभराचं धुणं खाडीवर नेऊन आपटी. त्याला व्यायाम म्हणत नसत.

एके सकाळी भोपळ्याची दोरी सुटली. वर्गातली मंडळी काठावर उभी राहून गुरुदत्ताला सूचना करू लागली. शेजारच्या बायकांच्या घाटावर उत्तरा धुणं धूत होती. तिने कासोटा आवळला, पाण्यात उडी घेतली आणि नवऱ्याला शेंडी धरून बाहेर काढलं. शेंडीचा इतका प्रत्यक्ष उपयोग शास्त्रातही सांगितलेला नाही.

तो वाचला कसा, हे गावात कोणी विचारलं नाही. हिला येतं कसं, हे सगळ्यांनी विचारलं.

"कोणी शिकवलं?" सासूने, आवडाबाईंनी, घरी विचारलं.

"भावांनी."

"आणखी काय काय शिकवलंय?"

शेजारच्या रंगूबाई हळद मागायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जपा हो. पोहता येणाऱ्या सुनेला विहिरीचाही धाक नाही." हळद घेऊन त्या गेल्या. आवडाबाई बराच वेळ परसातल्या विहिरीकडे बघत बसल्या.

गुरुदत्ताला बाजारात जाणं नको झालं. "काय गुरुदत्त, आज एकटेच?" एवढंच लोक विचारत, तेही मायेने. तो जेवेना. त्र्यंबकरावांनी, म्हणजे घरच्या नानांनी, वकिली डोक्याने तोड काढली. गुरुदत्ताने भोपळ्याशिवाय, सगळ्या गावादेखत खाडी ओलांडायची. जोशीबुवांनी पंचांग पाहून पौर्णिमेचा गोरज मुहूर्त दिला. त्या वेळी खाडीचं काय चाललेलं असतं, हे पंचांगात नव्हतं आणि जोशीबुवांना कोणी विचारलंही नाही. होडीवाल्या महिपत कोळ्याला ताकीद मिळाली, होडी पाण्यात दिसता कामा नये, लोक नावं ठेवतील.

त्या संध्याकाळी गुरुदत्त धोतर आवळत असताना उत्तरा माजघराच्या दाराआड येऊन उभी राहिली.

"आज जाऊ नका. पुनवेची ओहोटी लागलेली असणार. चांगल्या पोहणाऱ्याला ओढून नेते."

"मग नानांना काय सांगू? बायको नको म्हणाली?"

"पोटात दुखतंय म्हणा."

"त्या दिवसापासून दुखतंच आहे," गुरुदत्त म्हणाला. थोडं हसला आणि गेला.

उत्तरा त्याच्यामागे निघाली, तर आवडाबाई वातींचा कापूस घेऊन उंबऱ्यातच बसलेल्या.

"सासूबाई, मला जाऊ द्या."

"पुरुषांचा घाट आहे."

"लांब उभी राहीन."

"राहशील का?"

उत्तराला खोटं बोलवेना. घाटावरून टाळ्या ऐकू आल्या. आवडाबाई वाती वळत होत्या आणि त्यांच्या हातून एकही धड होत नव्हती.

"तुमचा मुलगा आहे तो," उत्तरा म्हणाली.

"म्हणूनच. आज पुन्हा तू काढलंस, तर तो जगेल कसा?"

टाळ्या थांबल्या. कोणीतरी महिपतला हाक मारली. मग पुष्कळांनी मारली. उत्तराने सासूच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडायला पाहिलं. आवडाबाईंनी तिचा पदर मुठीत धरला, आणि त्या म्हाताऱ्या मुठीत साहेबाला दाखवावी अशी ताकद होती. हाका खाडीच्या अंगाने खाली, दूर दूर जात राहिल्या. मग त्याही ऐकू येईनाशा झाल्या.

दिवे लागले, तेव्हा आळीत पावलं वाजली. पुष्कळ माणसं येत होती आणि कोणीच बोलत नव्हतं.

आवडाबाईंची मूठ सुटली. भिंतीचा आधार घेत त्या उंबऱ्यातून उठल्या आणि बाजूला झाल्या.

"जा आता," त्या म्हणाल्या. "धावू नकोस. लोक आहेत."