येळवसेची पंगत

आमच्याकडं येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. रानात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यापुढं भज्जी, भाकरी, आंबील मांडायची. ज्याला यायचं तो येऊन जेवतो. मी सरपंच होतो तेव्हा माझ्या रानात पंगतीवर पंगत उठायची. परळीचे व्यापारीसुद्धा यायचे. यंदा कामाला येणाऱ्या रतनबाईनं पहाटेपासून राबून टोपलंभर भाकरी केल्या, सगळं मांडलं आणि ती आपल्या माणसांकडं गेली. मी बसलो माशा हाकत. गाव शेजारी नव्या सरपंचाच्या, बिभीषणाच्या रानात जेवत होतं. निवडणूक हरलो की आंबीलही बेचव होते वाटतं!

माझी खुर्ची गेली ती गेली, पण गावाचं काय झालं? पूर्वी बांधावरून जुंपली की मी दोघांना दटावायचो, भांडण तिथंच मिटायचं. आता चार पुढारी झालेत, कुणी कुणाचं ऐकत नाही. उठसूट पोलीस ठाणं. जगातही तेच चाललंय, हे मला उशिरा कळलं. माझा एकुलता एक भागवत आखातातल्या बंदरात क्रेन चालवतो. तिकडं युद्धाची कुजबुज सुरू झाली तेव्हा त्यानं विचारलं होतं, "दादा, येऊ का निघून?"

"कावून घाबरतो बे? अमेरिकेनं डोळे वटारले की गप बसतील समदे."

अमेरिकेनं वटारले. कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता तिकडची विमानं बंद आहेत.

दुपारी त्याचा फोन आला.

"दादा, लई मान्सं आलीत का जेवायला?"

"लई. बसायला जागा न्हाई."

"मग आवाज कावून येत न्हाई?"

"जेवायलेत की समदे. तुज्याकडं कसं हाय?"

"एकदम शांत हाय. काळजी करू नका तुमी," तो म्हणाला, आणि त्याच्या मागं भोंगा वाजायला लागला. मग काहीतरी मोठ्यानं धडाडलं. फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा लावला, लागेना.

खरं सांगतो, एवढ्या मोठ्या रानात नुसतं बोलायलासुद्धा कुणी नव्हतं. तसाच अनवाणी उठलो आणि बांध ओलांडून बिभीषणाच्या कोपीकडं गेलो. मला बघून बिभीषणानं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"या भाऊ, बसा. पत्रावळ आणा रे!"

मी उभाच राहिलो.

"तुज्या फोनवरनं लाव रे जरा," मी म्हणालो, "माज्यावरनं भागवतला लागत न्हाई."